व्यापाराच्या दालनांतील नाद

१९११ सालच्या जून महिन्याची २२ वी तारीख इंग्लंडच्या इतिहासांत पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाची तारीख म्हणून नमूद आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हे बादशहा मुंबईस अपोलो बंदरावर उतरले आणि त्या आगमनाचें स्मारक म्हणून पुढें गेटवे ऑफ इंडिया उभें राहिलें, हें मुंबईकरांस सांगावयास नको. परंतु लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यांच्या मस्तकीं मुकुट चढत असतां, अटलांटिक महासागराच्या पलीकडे फिलाडेल्फिया शहरांतील एका दुकानांत एका प्रचंड ऑर्गनचे स्वर प्रथमच घुमले, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. बादशहांचा आणि त्या दुकानाचा कांहीं एक संबंध नव्हता. मुहूर्त मात्र दुकानदारानें अचूक साधला होता.

ऑर्गन म्हटला म्हणजे आपल्याकडे संगीत रंगभूमीवरील, पायानें भाता हलवून वाजविण्याची पेटी डोळ्यांपुढें येते. तिच्यांत धातूच्या पट्ट्या असतात व त्या वाऱ्यानें कंप पावतात. फिलाडेल्फियाचा ऑर्गन त्या जातीचा नव्हे. तो नळ्यांचा ऑर्गन. त्यांत प्रत्येक सुराला आणि प्रत्येक सुराच्या निरनिराळ्या रंगाला स्वतंत्र नळी लागते. म्हणजे एकच षड्ज बासरीसारखा, तुतारीसारखा आणि तंतुवाद्यासारखा निघावयाचा असेल, तर तीन नळ्या हव्यात. लहानशी नळी पेन्सिलीएवढी, तर मोठी नळी दुमजली घराहून उंच. असें वाद्य ख्रिस्ती मंदिरांत असावें, फार तर एखाद्या नगरमंदिरांत असावें. तें कापडचोपड आणि टोप्या विकण्याच्या जागीं आणून बसविण्याची बुद्धि कोणास व्हावी, आणि ती कां व्हावी, हा इतिहासाच्या दृष्टीनें विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आज शहरांतील लहानमोठ्या प्रत्येक दुकानदाराला आपल्या दालनांत कोणता नाद आणावा, तो कोणत्या यंत्रांतून काढावा आणि तें यंत्र कोठें बसवावें, हें ठरवावें लागतें. त्या सर्व खटाटोपाचें एक मूळ या दुकानांत सांपडतें.

दुकानाचे धनी जॉन वानामेकर. यांचा जन्म १८३८ चा. १८७६ सालीं त्यांनीं फिलाडेल्फियांतील रेल्वेची एक जुनी मालवखार घेऊन तेथें आपलें भव्य दुकान थाटलें. पुढें ते अमेरिकेचे पोस्टमास्तर जनरलही झाले. परंतु व्यापाराच्या इतिहासांत त्यांचें नांव मुख्यतः घेतलें जातें, तें मालावर ठरीव किंमत लिहिण्याच्या रिवाजाबद्दल. हा रिवाज त्यांनींच प्रथम काढला असें नव्हे. पण तो त्यांनीं मोठ्या प्रमाणावर चालविला आणि त्याची जाहिरात केली. आपल्याकडील दुकानांत ‘एकच भाव’ अशी पाटी लागते, तिचेंच हें अमेरिकन रूप. या पाटीचा नादाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, घासाघीस हाच बाजाराचा पूर्वापार आवाज होय. भाजीबाजारांत किंवा जुन्या कापडपेठेंत जो एकसारखा कोलाहल असतो, त्यांतील निम्मा तरी भाव करण्याचा असतो. किंमत चिठ्ठीवर लिहिली गेली कीं गिऱ्हाईक आणि विक्रेता यांना बोलण्याचें फारसें कारण उरत नाहीं. दालन मोठें, माणसें पुष्कळ आणि बोलणें थोडें, अशी एक अवघडलेली शांतता त्या नव्या दुकानांत शिरली. ती भरून काढण्याची गरज वानामेकरांना वाटली असल्यास नवल नाहीं. शिवाय ते धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. ऑर्गनचा सूर त्यांच्या कानांत मुरलेला होता.

हा ऑर्गन त्यांनीं नवा करविला नाहीं. तो जुन्या बाजारांतला. १९०४ सालीं सेंट लुई येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें, त्याच्या उत्सवमंदिराकरितां लॉस एंजेलिसच्या एका कारखान्यानें तो बनविला. आराखडा जॉर्ज ॲश्डाउन ऑड्स्ली यांचा. नळ्या दहा हजारांहून अधिक. खर्च इतका वाढला कीं बनविणारा कारखाना त्यांत बुडाला. प्रदर्शन संपल्यावर तें धूड वर्षानुवर्षें सेंट लुईच्या वखारींत पडून होतें. १९०९ सालीं वानामेकरांनीं तें विकत घेतलें. मालगाडीचे तेरा डबे भरून तें फिलाडेल्फियास आलें आणि तें जोडावयास दोन वर्षें लागलीं.

आणि मग, एवढा खटाटोप झाल्यावर, तें लहान पडलें!

दहा हजार नळ्यांचें वाद्य लहान पडलें, हें ऐकून हंसूं येईल. पण ज्या जागेंत तें बसविलें ती जागा लक्षांत घेतली पाहिजे. डॅनियल बर्नहॅम या नामांकित शिल्पज्ञानें बांधलेल्या त्या इमारतीच्या पोटांत सात मजले उंचीचा एक मोकळा चौक आहे. भोंवतीं प्रत्येक मजल्यावर विक्रीचीं दालनें, आणि तीं सर्व त्या चौकाकडे उघडीं. म्हणजे जो सूर निघावयाचा तो एका चौकांत मावून राहत नाहीं. तो चोहोंकडच्या सज्ज्यांतून आंत शिरतो, कापडाच्या गठ्ठ्यांत आणि गालिच्यांत जिरतो. एका जागेकरितां केलेलें वाद्य दुसऱ्या जागीं नेलें म्हणजे काय होतें, याचा हा धडा. वानामेकर आणि त्यांचे पुत्र रॉडमन यांनीं त्यावर श्रीमंतांना सुचावा असाच उपाय योजिला. दुकानाच्या माळ्यावर त्यांनीं स्वतःचा ऑर्गनचा कारखानाच उघडला. १९११ पासून १९१७ पर्यंत आणि पुन्हां १९२४ पासून १९३० पर्यंत नळ्यांत भर पडत गेली. अखेर त्यांची संख्या २८,७५० झाली. वादकाच्या पुढ्यांत स्वरपट्ट्यांच्या सहा ओळी आल्या.

या हट्टांतून कलेला लाभ झाला, हेंही सांगितलें पाहिजे. १९२१ सालीं मार्सेल द्युप्रे या फ्रेंच वादकानें याच ऑर्गनवर ऐन वेळीं एक चार भागांची रचना बसवून वाजविली. तीच पुढें ‘पॅशन सिंफनी’ म्हणून लिहून काढली गेली आणि आजही वाजविली जाते. दुकानांत जन्मलेली दुसरी अशी रचना शोधूनही सांपडणें कठीण. दुकान मात्र हातोहात गेलें. वानामेकरांच्या घराण्याकडून तें दुसऱ्या-तिसऱ्या पेढ्यांकडे जात जात शेवटीं ‘मेसीज’ या पेढीकडे आलें, आणि तिनेंही मार्च २०२५ मध्यें तेथील विक्री बंद केली. धनी बदलले, माल बदलला. पण तो ऑर्गन कोणी हलविला नाहीं. भिंतींत रुजलेलें तें वाद्य हलविणार तरी कसें?

ज्या प्रश्नाचें उत्तर वानामेकरांनीं हजारों नळ्या वाढवून दिलें, त्या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर त्यांच्या देशांतच आधीं सांपडलेलें होतें. १८९५ सालीं हार्व्हर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें एक अक्षर धड ऐकूं येईना. शब्द उच्चारला कीं तो पांच-साडेपांच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्यांत वक्ता दहा-पंधरा शब्द पुढें गेलेला असे. वॉलेस सबाइन नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या अध्यापकास हा दोष दूर करण्याचें काम सांगण्यांत आलें. त्याच्याजवळ साधनें तीं काय? ऑर्गनची एक नळी, काळ मोजण्याचें एक यंत्र आणि स्वतःचे कान. जवळच्या नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या त्यानें उसन्या आणल्या. रात्रीं गांव निजल्यावर त्या त्या दालनांत मांडावयाच्या, नळी वाजवून थांबवावयाची, सूर किती वेळ कानीं येतो तें मोजावयाचें, मग आणखी गाद्या मांडावयाच्या, आणि सकाळ होण्यापूर्वीं सर्व गाद्या जागच्या जागीं नेऊन पोंचवावयाच्या, असा त्याचा क्रम होता. गाद्या वाढत गेल्या तसतसा निनाद साडेपांच सेकंदांवरून सव्वा सेकंदाच्या आंत आला. ही खटपट त्यानें वर्षानुवर्षें चालविली आणि तींतून एक साधें सूत्र निघालें. खोलीचें घनफळ घनमीटरांत घ्यावें, त्यास ०·१६ नें गुणावें आणि तिच्यांतील सर्व शोषणानें भागावें. भागाकार येईल तितके सेकंद तेथें निनाद टिकतो. शोषण मोजण्याचें त्याचें मापही मोठें सुबक होतें. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक माप. कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाहीं. १९०० सालीं उघडलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल या गणितावर बांधलेलें पहिलें संगीतगृह होय.

हें सूत्र आपल्या पेठेंतील दुकानांस लावून पाहण्यासारखें आहे. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच असें एक दालन घेतलें, तर त्याचें घनफळ ८०० घनमीटर झालें. तें सराफाचें असेल, तर खालीं संगमरवर, चोहोंकडे कांच, वर गुळगुळीत छत. शोषण समजा चाळीस मापें. निनाद तीन सेकंदांहून थोडा अधिक येईल. तेंच दालन साड्यांचें असेल, पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या असतील, भिंतींशीं कापडाच्या चळती छतापर्यंत गेलेल्या असतील, तर शोषण सहज एकशेंसाठ मापें होईल आणि निनाद पाऊण-एक सेकंदावर उतरेल. एकाच कारखान्याचें, एकाच किंमतीचें यंत्र सराफाकडे गोंगाट करील आणि कापडवाल्याकडे गोड वाजेल, याचें रहस्य यंत्रांत नाहीं. तरी दुकानदार यंत्र निवडतांना यंत्राच्याच दुकानांत उभा राहून तें ऐकतो आणि किती वॅट आहेत तेवढें विचारून पैसे मोजतो. वानामेकरांनीं दुसऱ्या प्रदर्शनांतला ऑर्गन आणला, त्यापेक्षां हें फारसें निराळें नाहीं. फक्त माळ्यावर कारखाना काढण्याची सोय याला नसते.

आतां वाद्याकडून तारेकडे वळूं. एका दुकानाला एक ऑर्गन ही चैन कोट्यधीशाची. पण एकाच जागीं वाजविलेलें संगीत तारेनें शेंकडों जागीं नेतां आलें तर? थॅडियस केहिल या अमेरिकन संशोधकानें हा प्रयोग १९०६ सालीं न्यू यॉर्कमध्यें प्रत्यक्ष करून दाखविला. विजेच्या प्रवाहांतूनच सूर उत्पन्न करणारें त्याचें ‘टेलहार्मोनियम’ हें यंत्र सुमारें दोनशें टन वजनाचें होतें. त्याचे सूर टेलिफोनच्या तारांवरून उपाहारगृहांत आणि हॉटेलांत जात व कर्ण्यांतून बाहेर पडत. दुर्दैव असें कीं ते शेजारच्या तारांवरही जात, आणि टेलिफोनवर बोलणाऱ्या गृहस्थांच्या कामकाजांत भलत्याच वेळीं संगीत मिसळे. दोन-तीन वर्षांत हा व्यवसाय बसला. आवाज मोठा करणारी व्हॅक्यूमची नळी तेव्हां बाल्यावस्थेंत होती, हें त्या अपयशाचें खरें कारण.

पुढील दहा वर्षांत तीही अडचण गेली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनीं कॅलिफोर्नियांत तारेच्या वेटोळ्यानें पडदा हलविणारा कर्णा तयार केला आणि १९१५ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येस सॅन फ्रॅन्सिस्कोच्या नगरगृहापुढें जमलेल्या हजारों लोकांस तो ऐकविला. १९२५ सालीं राइस आणि केलॉग यांनीं कागदी शंकूचा लाऊडस्पीकर सिद्ध केला. आजचा कोणताही लाऊडस्पीकर उघडून पाहिला तर बहुधा त्याच घडणीचा निघेल.

दरम्यान अमेरिकेच्या लष्करी दळणवळण खात्याचे प्रमुख, मेजर जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर, यांनीं एकाच तारेवरून अनेक संदेश एकदम पाठविण्याची युक्ति १९१० सालींच शोधली होती. १९२२ सालीं एका वीजपुरवठा करणाऱ्या मंडळीनें तिच्या आधारानें विजेच्या तारांवरून घरोघर संगीत देण्याचा व्यवसाय आरंभिला. पण तोंवर आकाशवाणीचीं यंत्रें घरोघर आलीं, आणि फुकट मिळणारें गाणें पैसे देऊन कोण ऐकणार? तेव्हां मंडळीनें घर सोडून हॉटेल, कचेरी आणि दुकान यांकडे मोर्चा वळविला. १९३४ सालीं, मृत्यूपूर्वीं थोडे दिवस, स्क्वायर यांनीं या व्यवसायाला ‘म्यूझॅक’ असें नांव दिलें. संगीताचें इंग्रजी नांव आणि ‘कोडॅक’ या कॅमेऱ्याचें नांव यांची ती सांगड होती. पाऊणशें वर्षांहून अधिक काळ हें नांव चाललें. इंग्रजी भाषेंत तें कांहींसें कुचेष्टेनेंही वापरलें जाऊं लागलें, तें कां याचा उलगडा पुढें होईल.

एका ऑर्गनच्या जागीं अनेक लहान लाऊडस्पीकर आले, यानें केवळ खर्च कमी झाला असें नव्हे, तर ऐकण्याची रीतच बदलली. मोठा आवाज एका टोकाला ठेवला, तर अंतर दुप्पट होतांच तो उघड्यावर सहा डेसिबलनें उतरतो. बंद जागेंत निनादामुळें इतका उतरत नाहीं, पण स्पष्टपणा मात्र जातो. मागच्या गिऱ्हाईकास ऐकूं यावें म्हणून आवाज वाढवावा, तर दारापाशीं उभ्या असणाऱ्याचे कान किटतात. म्हणून दोन थोर लाऊडस्पीकर दारांत मांडण्यापेक्षां दहा-बारा लहान छतांत बसविणें शहाणपणाचें. त्यांतील अंतराचा ढोबळ हिशेब असा: छताच्या उंचीतून कानाची उंची वजा करावी आणि बाकीची दुप्पट करावी, साधारण तेवढ्या व्यासाचें वर्तुळ एका लाऊडस्पीकरच्या वांट्यास येतें. चार मीटर छत आणि उभ्या माणसाचा कान दीड मीटरवर, तर वर्तुळ पांच मीटरचें. गादीवर बसून साड्या पाहणाऱ्या बायकांचा कान याहून खालीं असतो, म्हणून तेथें वर्तुळ मोठें होतें आणि लाऊडस्पीकर कमी पुरतात. वर्तुळें एकमेकांवर थोडीं चढलेलीं असावींत, नाहींतर चालतां चालतां गाणें जवळ आल्याचा आणि लांब गेल्याचा चमत्कारिक भास होतो.

इतक्या लाऊडस्पीकरांस तार कशी न्यावयाची? १९१५ सालीं टाटांची वीज खोपोलीहून मुंबईस आली ती उच्च दाबानें आली. दाब उंच ठेवला म्हणजे प्रवाह थोडा लागतो आणि तारेंत शक्ति वाया जात नाहीं. दुकानांतील व्यवस्था हीच. अँप्लिफायर आवाजाचा विद्युत्‌दाब आपल्याकडे १०० व्होल्टपर्यंत चढवितो, अमेरिकेंत ७० पर्यंत. प्रत्येक लाऊडस्पीकरपाशीं एक छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. मग हिशेब शाळकरी मुलासही येण्यासारखा होतो. सहा-सहा वॅट घेणारे बारा लाऊडस्पीकर, म्हणजे ७२ वॅट. अँप्लिफायर त्याहून कांहीं अधिक, शंभराच्या आसपास घ्यावा म्हणजे तो दमत नाहीं. पुढें दालन वाढलें तर आणखी दोन जोडतां येतात. दोन लाऊडस्पीकर फार दूर असतील, तर मात्र एकाचा आवाज दुसऱ्याच्या मागून येतो. जर्मनींत गॉटिंगेन येथें हेल्मुट हास यांनीं १९४९ सालीं दाखविलें कीं हा फरक सेकंदाच्या तिसाव्या भागाहून कमी असेल तर कान दोन्ही आवाज एकच मानतो आणि तो प्रथम आलेल्या दिशेनेंच आला असें समजतो. त्याहून अधिक झाला तर शब्द दुहेरी होतात. आवाज एवढ्या वेळांत अकरा-बारा मीटर जातो. लांबलचक दालनांत सूचना समजत नाहींत त्याचें कारण बहुधा येथें सांपडतें.

येथवर प्रश्न यंत्राचा होता. पण आवाज किती ठेवावा, हा प्रश्न यंत्राचा नाहीं. पॅरिसचे कर्णवैद्य एत्येन लोंबार यांनीं, योगायोग असा कीं १९११ सालींच, प्रसिद्ध केलें कीं भोंवतीं गोंगाट झाला म्हणजे मनुष्य नकळत आपला आवाज चढवितो. दुकानांत गाणें मोठें झालें कीं विक्रेता ओरडूं लागतो. विक्रेता ओरडला कीं गिऱ्हाईक ओरडतें. आणि इतक्या ओरडण्यांत गाणें ऐकूं येईना म्हणून कोणीतरी तें आणखी वाढवितो. दोन माणसांचें शांत बोलणें एका मीटरवर सुमारें ६० डेसिबल भरतें. गाणें त्याच्या खालीं राहिलें तरच दुकानांत बोलतां येतें.

विक्रीच्या दृष्टीनें तरी मोठ्या आवाजाचा कांहीं उपयोग होतो काय? १९६६ सालीं स्मिथ आणि कर्नो या संशोधकांनीं अमेरिकेंतील दुकानांत हें पाहिलें. मोठें संगीत लावलें तेव्हां लोक दुकानांत कमी वेळ थांबले. विक्रींत मात्र विशेष फरक पडला नाहीं. १९८२ सालीं रोनाल्ड मिलिमन यांनीं एका मोठ्या दुकानांत आवाजाऐवजीं लय बदलून पाहिली. संथ लयींत लोक संथ चालले आणि विक्री जलद लयीच्या मानानें ३८ टक्क्यांनीं अधिक झाली. १९९७ सालीं इंग्लंडांत याहून सूक्ष्म प्रयोग झाला. मद्याच्या मांडणीपाशीं एक दिवस फ्रेंच गाणीं, एक दिवस जर्मन गाणीं अशीं आलटून पालटून लावलीं. फ्रेंच गाण्यांच्या दिवशीं फ्रेंच मद्य अधिक खपलें, जर्मन गाण्यांच्या दिवशीं जर्मन. खरेदी करणाऱ्यांस विचारलें तर गाण्यामुळें आपली निवड झाली हें बहुतेकांस मान्य नव्हतें! या तीन प्रयोगांवरून प्रत्येक दुकानाला लागू पडणारा नियम काढणें धाडसाचें होईल. पण कान जें ऐकतो तें मन सर्वस्वीं जाणतें असें नाहीं, एवढें त्यांवरून दिसतें. दुकानदाराच्या हातीं येणारी ही सत्ता लहान नव्हे.

आणि ज्याला तें ऐकावयाचेंच नाहीं त्यानें काय करावें? डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. १९४९ सालीं न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत प्रवाशांस गाणीं आणि जाहिराती ऐकविण्यास सुरुवात झाली. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाचे संपादक हॅरोल्ड रॉस यांनीं त्यावर अशी झोड उठविली कीं १९५० च्या आरंभीं तें सर्व बंद पडलें. वॉशिंग्टन शहरांतील प्रकरण याहून लांब गेलें. तेथील ट्राम आणि बसगाड्यांत १९४८ पासून लाऊडस्पीकर बसविण्यांत आले. एका गाडींत सहा. बहुतेक कार्यक्रम गाण्यांचा, मधून जाहिराती. दोन उतारूंनीं तक्रार केली कीं कामावर जाण्यास दुसरी गाडी नाहीं, आणि या गाडींत बसलें कीं ऐकल्यावांचून सुटका नाहीं. खालच्या न्यायालयानें त्यांचें म्हणणें मानलें. परंतु सर्वोच्च न्यायालयानें १९५२ सालीं बहुमतानें वाहतूक मंडळीच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति डग्लस यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. आपणांस कोणी त्रास देऊं नये हा मनुष्याचा हक्क स्वातंत्र्याचा उगम आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्याहूनही न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांचें वर्तन स्मरणीय आहे. ते या खटल्यांतून दूरच राहिले. आणि कारण असें दिलें कीं आपण स्वतःच या प्रकारास बळी पडलेले आहों, आपल्या भावना इतक्या तीव्र आहेत कीं न्याय देतांना त्या बाजूस ठेवतां येतील असा भरंवसा वाटत नाहीं. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर बसणाऱ्या विद्वानास गाडींतल्या एका लाऊडस्पीकरनें इतकें जेरीस आणावें, यावरून त्या उपद्रवाची कल्पना येते.

ट्राममधील उतारूची जी अडचण, ती दुकानांतील गिऱ्हाईकाची नाहीं. तें पाय काढून बाहेर जाऊं शकतें. आपल्याकडील कायदाही त्याच्या बाहेर जाण्यानंतरची थोडीबहुत काळजी घेतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं व्यापारी वस्तींत दिवसा ६५ आणि रात्रीं ५५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, विकत घेतलेली ध्वनिमुद्रिका घरीं ऐकणें निराळें आणि ती दुकानांत लोकांस ऐकविणें निराळें. दुसऱ्यास परवाना लागतो. यंत्राच्या किंमतीचा आंकडा मांडणारे व्यापारी ही रक्कम पुष्कळदां विसरतात.

परंतु दुकानांत एक मनुष्य असा असतो कीं ज्याची स्थिति खरोखर त्या ट्रामच्या उतारूसारखी असते. तो म्हणजे विकणारा नोकर. गिऱ्हाईक अर्ध्या तासांत जातें. हा सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत त्याच छताखालीं उभा असतो आणि तींच चाळीस गाणीं दिवसांतून अनेकदां ऐकतो. जुन्या लोकांनीं ही गोष्ट अजाणतां किंवा जाणून सांभाळली होती. वानामेकरांचा ऑर्गन दिवसांतून ठरलेल्या दोन वेळां वाजे आणि थांबे. १९४० च्या जूनमध्यें बी. बी. सी. नें कारखान्यांतील मजुरांकरितां संगीताचा कार्यक्रम सुरू केला, तो सकाळीं अर्धा तास आणि दुपारीं अर्धा तास असा होता. ज्या म्यूझॅकची पुढें कुचेष्टा झाली, त्याच्या योजकांनींसुद्धां पाव तास संगीत आणि मग कांहीं वेळ शांतता असा क्रम ठेवला होता. अखंड वाजणारें संगीत थकवितें, हें त्यांस ठाऊक होतें. ग्रामोफोनची तबकडी तीन-चार मिनिटांनीं संपे आणि ती बदलावयास कोणीतरी उठेपर्यंत आपोआपच विसांवा मिळे. आजच्या यंत्राला तबकडी नाहीं, किल्ली नाहीं, दम नाहीं. त्याला थांबविण्याची वेळ माणसानेंच नेमावी लागते. आणि आवाज कमी करण्याची कळ मालकाच्या कुलुपबंद खोलींत न ठेवतां गल्ल्याजवळ, नोकराचा हात पोंचेल अशा उंचीवर बसविण्यास दोन-चार मीटर तारेपेक्षां अधिक खर्च येत नाहीं.